इंदुताईंचा राग

गौरवग्रंथातल्या या लेखाची सुरुवात इंदुताई सगरे यांच्यापासून व्हायला हवी होती. ती एका दुरुस्तीपासून होते आहे, याबद्दल गौरवसमितीने मला समजून घ्यावं.

आमच्या कळंबच्या सल्ला केंद्राच्या गेल्या वार्षिक अहवालात मी एका गृहस्थांची हकिकत लिहिली होती. इथंही त्यांना अप्पा म्हणते. ते त्यांचं नाव नाही. हायवेवर भटकताना सापडलेल्या, मानसिक आजार असलेल्या अप्पांनी निवारागृहात अन्न सोडलं होतं आणि इंदुताईंनी मायेने समजूत घालून त्यांना पहिला घास भरवला, असं त्या अहवालात आहे. लोकांना ते आवडलं. एका वक्त्यांनी तर भाषणात ते वाचून दाखवलं. पण ताईंनी घास भरवलेला नाही. मी त्या निवारागृहात पहिल्या दिवशी ताईंबरोबर होते, दुसऱ्या दिवशी नव्हते. घास भरवल्याचं मी तिथल्या लोकांकडून ऐकलं आणि पाहिल्यासारखं लिहिलं.

अप्पा आता बरे आहेत. गोळ्या नियमित घेतात, काम करतात, वाचतात. अहवाल त्यांनी वाचला आणि केंद्रात येऊन माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, म्या काय लेकरू हाय का? भाकर म्या माझ्या हातानं मोडली. भरवताना कुणी बघितलं?"

मी म्हणाले, "तिथली माणसं सांगत होती."

"ती तर लई सांगत्यात," अप्पा म्हणाले.

अन्न का सोडलं होतं, हे मी तेव्हा लिहिलं नव्हतं, कारण त्यांची परवानगी नव्हती. आता त्यांनी ती दिली आहे. हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलले आहेत, तेही त्यांना विचारून. एवढं सांगून मी मूळ विषयाकडे वळते. तसा तो सुरू झालेलाच आहे, कारण असं गोड चुकीचं लिहिलेलं ताईंना जितकं खुपतं तितकं दुसरं काही खुपत नाही.

ताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच भूमला परतले होते. मी लहानपणी सतत आजारी असायचे, म्हणून चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. आई गणित शिकवायची आणि बाकीचं आजोबा. आजोबा तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या शेजारी बसून. त्यांचा एकच धडा होता: पाहिलं असेल तर 'पाहिलं' लिही, ऐकलं असेल तर 'ऐकलं' लिही, आणि अर्जदाराला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नको. हे मी मुलाखतीत ताईंना सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ताईंनी माझी गुणपत्रिका न बघताच बाजूला ठेवली. "उद्यापासून ये," म्हणाल्या. "एवढं शिकवायला आमच्या क्षेत्राला दोन वर्षं लागतात, तरी कित्येकांना येत नाही."

पहिल्याच आठवड्यात मी मार खाता खाता वाचले. कळंबच्या बाजारात ताईंबरोबर भाजी घेत होते. समोरून एक बाई आल्या. आदल्याच दिवशी केंद्रात दोन तास रडून गेल्या होत्या. मी हसून हात वर करणार, तोच ताईंनी माझा दंड असा काही दाबला की हातातली मेथी खाली पडली. त्या बाई सरळ निघून गेल्या, ताईही सरळ निघून गेल्या, जणू काही जन्मात भेटच नाही. कोपऱ्यावर आल्यावर ताई म्हणाल्या, "तिच्या मागं कोण होतं?"

"बघितलं नाही."

"सासू होती. आता ती घरी जाऊन विचारील, ही कोण गं तुला हात करणारी? काय सांगायचं तिनं? आपली ओळख ही तिची गोष्ट आहे. तिला दाखवायची असंल तर ती दाखवील. तोवर आपण नुसतं भाजीचं गिऱ्हाईक."

मी तशी घाबरट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. एकदा एका बाईंबरोबर पहिल्यांदा कोर्टात जायचं होतं, तर मला एसटी स्टँडवरच उलटी झाली. ताईंनी लिंबू-सोडा आणून दिला, स्वतःच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरंच झालं. भीती वाटणारा माणूस कागद दोनदा वाचतो. मला बिनभीतीची पोरं नकोत, ती वाट्टेल तिथं सह्या घेत्यात." त्यानंतर त्या स्वतः कोर्टाच्या दारापर्यंत आल्या आणि आत आल्या नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा विचारलंही नाही की काय झालं. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

तर ताई प्रेमळ आहेत. या ग्रंथात तसं अनेकांनी लिहिलं असेल आणि ते खरं आहे. पण मला त्यांचा राग अधिक मोलाचा वाटतो, आणि मी तो जवळून पाहिला आहे.

नळदुर्गच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी हायवेला एक ढाबा आहे. तिथं अप्पा बरेच दिवस फिरत होते. केस वाढलेले, अंगावर चिंध्या, मराठी येत असूनही तेव्हा बोलणं फक्त कानडी, तेही स्वतःशी. ढाबेवाला त्यांना शिळी रोटी द्यायचा, ती ते दूर झाडाखाली नेऊन खायचे. एका निवारागृहाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना पाहिलं आणि गाडीत घातलं. अशा संस्था आता ठिकठिकाणी आहेत. रस्त्यावरच्या माणसाला उचलायचं, केस भादरायचे, नळीखाली उभं करून साबण लावायचा, नवे कपडे घालायचे, आणि हे सगळं मोबाईलवर काढून गाणं लावून पसरवायचं. आधीचं आणि नंतरचं, शेजारी शेजारी. आपण सगळ्यांनी असे व्हिडिओ पाहिले आहेत. डोळ्यांत पाणी आणून पुढे पाठवलेही आहेत.

अप्पांचं तसंच झालं. मात्र त्या अंघोळीनंतर त्यांनी अन्नपाणी बंद केलं. ढाब्यावर शिळं का होईना खाणारा माणूस इथं गरम वरणभाताकडे बघेना. आजार बळावला असं सगळ्यांना वाटलं. ते कानडी बोलतात आणि ताईंना कानडी येतं, म्हणून तिथल्या प्रमुख कार्यकर्त्याने फोन केला. त्याला सगळे भाऊ म्हणतात. तिशीतला, कष्टाळू मुलगा. मला त्याच्याविषयी वाईट लिहायचं नाही.

आम्ही गेलो तेव्हा अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. डोक्यावर एक केस नव्हता. ताई त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून फरशीवर बसल्या. "निम्म हेसरेन्री?" म्हणाल्या. तुमचं नाव काय. अप्पांनी वळून पाहिलं. बऱ्याच वेळाने नाव सांगितलं. त्या निवारागृहात तोवर त्यांना कुणी नाव विचारलंच नव्हतं. रजिस्टरमध्ये 'अनोळखी पुरुष' होतं. बोलता बोलता अप्पांचा उजवा हात सारखा छातीकडे जायचा, काहीतरी धरल्यासारखा मिटायचा आणि रिकामा खाली यायचा.

ताई ते बघत राहिल्या. मग भाऊकडे वळल्या. "ह्यांच्या गळ्यात काय होतं?"

"काही नाही ताई. एक मळकं गाठोडं होतं चिंधीचं. घट्ट बांधलेलं. तंबाखू-बिंबाखू असंल."

"कुठं आहे?"

"कापून टाकलं. कचऱ्यात गेलं. घंटागाडी नेती रोज."

"दाखव."

भाऊने मोबाईल काढला. ताईंनी चष्मा लावला. मी मागून पाहत होते. व्हिडिओत नळीखाली एक माणूस थरथरत उभा होता. एका हाताने त्याने गळ्यातलं ते गाठोडं मुठीत गच्च धरलं होतं. दोघांनी त्याची बोटं सोडवली, आणि कात्री चालली. त्या क्षणाला गाण्याचा आवाज मोठा केला होता. ताईंनी मोबाईल परत दिला.

"भाऊ, तुझ्या गळ्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊचा हात आपोआप शर्टावरून छातीवर गेला आणि तिथंच थांबला. शर्टाच्या आत त्याचं स्वतःचं इष्टलिंग, गळ्यात बांधायचं लहानसं शिवलिंग, होतं. लिंगायत घरातला मुलगा. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावेगळं केलेलं नाही, अंघोळ करून त्याची पूजा केल्याशिवाय त्याने कधी अन्नाला हात लावलेला नाही. आपल्या भागात हे कुणाला नवीन नाही. शेजारी, दुकानदार, शिक्षक, घरोघर हे आहे. अप्पांनीही डोकं ताळ्यावर नसताना, अंगावर धड कपडा नसताना, तेवढं एक जपलं होतं. ते गेल्यावर त्यांनी जेवणं थांबवलं, यात आजार कुठं होता?

भाऊ भिंतीला टेकला. "ताई, खरंच डोक्यात आलं नाही. चिंधी इतकी घाण होती..."

"चिंधी घाण होती म्हणून न्हाय," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला की बोली बदलते. "येड्याच्या गळ्यात देव असंल, हे तुला वाटलंच न्हाय. विचारलं का त्याला? कापायच्या आधी? केसाला हात लावायच्या आधी? एक शब्द विचारला का?"

"ताई, त्यांना काय विचारणार? त्यांना कळत होतं का?"

"मूठ कशानं मिटली होती मग?"

ताई उभ्या राहिल्या आणि बोलत गेल्या. मानसिक आरोग्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे की रुग्णाचं डोकं सक्तीने भादरायचं नाही, त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, त्याचा खासगीपणा जपायचा, त्याच्या संमतीशिवाय त्याचे फोटो बाहेर द्यायचे नाहीत. भाऊ हळूच म्हणाला, "कायदा एवढं बारीक लिहितो, ताई?"

"लिहितो. कारण तुमच्यासारखी चांगली माणसं एवढं बारीक वागत न्हायीत. वाईट माणसांसाठी फौजदारी कायदा आहे, बाळा. हा कायदा चांगल्या माणसांसाठी केलाय."

परतताना एसटीत मी म्हणाले, आपला पेशंट आता कसा खाणार. ताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आपला? विकत घेतलास का? त्यांचं नाव सांगितलंय ना त्यांनी, ते वापर."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. अप्पांनी आणि भाऊने वेगवेगळं सांगितलं, आणि ते जुळतं, म्हणून लिहिते. ताईंनी आधी अप्पांना विचारलं की नवं लिंग घ्यायचं का, आणि कुणाच्या हातून. अप्पांनी एका मठाचं नाव घेतलं. ताई त्या मठातल्या स्वामींना घेऊन आल्या. भाऊने पाणी तापवलं. अप्पांनी स्वतः, दार लावून, अंघोळ केली. स्वामींनी लिंग हातात दिलं, अप्पांनी कपाळाला विभूती लावली आणि बराच वेळ पूजा केली. ताई या वेळात खोलीतच नव्हत्या. बाहेर कडुलिंबाखाली बसून शेंगा खात होत्या, असं भाऊ सांगतो. पूजा झाल्यावर अप्पांनी भाकरी मागितली आणि आपल्या हाताने मोडून खाल्ली. त्यानंतर कायद्याने सांगितलेल्या रस्त्याने सगळं झालं: न्यायालयापुढे नेणं, सरकारी दवाखाना, औषधं. प्रत्येक पायरीला ताई अप्पांना कानडीत सांगायच्या की आता काय होणार आहे, आणि ते नको म्हणाले की थांबायच्या. एकदा त्या सगळ्यांना दवाखान्याच्या दारात बराच वेळ थांबावं लागलं. डॉक्टर वैतागले. ताई म्हणाल्या, "माझं ऑपरेशन असतं तर तुम्ही मला विचारलं असतं ना? तेवढंच."

इथं संपलं असतं तर मी हा लेख अधिक शांतपणे लिहिला असता.

अंघोळीचा तो व्हिडिओ भाऊने, आम्ही पहिल्यांदा गेलो त्याच दिवशी, काढून टाकला. नंतर त्याच्या संस्थेच्या अध्यक्षांनी तो पुन्हा लावला, कारण त्यांच्या सर्व व्हिडिओंत लोकांना तोच जास्त आवडला होता. भाऊने ते काम सोडलं. अप्पांच्या बहिणीला अप्पा जिवंत असल्याचं कळलं तेही याच व्हिडिओतून. ती सीमेपलीकडच्या गावी राहते आणि 'ये' म्हणून रडून बोलावते. अप्पा जात नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गावातल्या प्रत्येक पोराच्या मोबाईलात म्या नागडा हाय. डोस्कं भादरलेला. गळ्यातलं लिंग कापतानाचा. बहिणीच्या दारात बसू कसा? ते असंपर्यंत म्या जाणार न्हाय." बहीण थकली आहे. अप्पांना तिच्याकडे जायचं आहे. मध्ये फक्त हा व्हिडिओ आहे.

आम्ही अध्यक्षांना दोनदा भेटलो. ते म्हणाले, आमचं रुग्णालय नाही, निवारा आहे, तो कायदा आम्हाला लागू नाही. म्हणाले, चेहरा धूसर करू. म्हणाले, यातून समाजाला प्रेरणा मिळते. शेवटी म्हणाले, "अहो, आम्ही उचललं नसतं तर तो मेला असता." हे खरं असू शकतं. म्हणून काय तो त्यांचा झाला का? आपण एखाद्याला पाण्यातून बाहेर काढलं, तर त्याला उघडा चौकात उभा करून लोक जमवायचा हक्क आपल्याला मिळतो का? हा प्रश्न मी शिकलेल्या, सुस्वभावी, पुरस्कारप्राप्त माणसांना विचारून पाहिला. त्यांतल्या बहुतेकांनी मला ताणू नको म्हणून सांगितलं.

आणि मग ताईंच्या पंचाहत्तरीच्या या समारंभाची कार्यक्रमपत्रिका आली. ताईंच्या कार्याची ओळख म्हणून तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं. ते अध्यक्ष या समारंभाचे स्वागताध्यक्ष आहेत. ताईंनी समितीला फोन केला, तेव्हा मी समोर होते. त्या फार बोलल्या नाहीत. "त्यांची अंघोळ दाखवून माझा सत्कार? मग खुर्ची एक कमी मांडा," म्हणाल्या आणि फोन ठेवला. व्हिडिओ कार्यक्रमातून निघाला. पण जिथं लावला आहे तिथून निघाला नाही. वाचकांना माझी विनंती आहे की तो शोधू नका. शोधून पाहणं म्हणजे अप्पांना त्या नळीखाली आणखी एकदा उभं करणं.

हा भाग वगळावा असं संपादकांनी मला सुचवलं. गौरवग्रंथात कटुता नको, हे त्यांचं म्हणणं मला समजतं, तरी मी नाही म्हणाले. मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? अप्पांना विचार." अप्पा म्हणाले, "छापा. पर अर्ज माझ्या नावानं, माझ्या सहीनं. कुणी माझ्यावर दया करून केला असं नको." व्हिडिओ काढायला लावावा असा तो अर्ज मी लिहिला आहे. त्यांना दोनदा वाचून दाखवला आहे. अध्यक्षांनाही त्याची प्रत दिली आहे, म्हणजे त्यांना हे इथं पहिल्यांदा कळतं आहे असं होऊ नये.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी फरशीवर बसायचं सोडत नाहीत. ते गुडघे टिकोत. त्यांना चांगली झोप लागो, भूक लागो, आणि रागावण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात पुढची अनेक वर्षं राहो. ती आम्हाला लागणार आहे. मी केलेल्या चुका त्यांनी अशाच दंड दाबून दाखवाव्यात.

हा ग्रंथ रविवारी व्यासपीठावर प्रकाशित होईल. स्वागताध्यक्षांच्या हातात पहिली प्रत असेल. त्या संध्याकाळपर्यंत व्हिडिओ निघाला, तर मी स्वतः अप्पांना बहिणीच्या गावच्या गाडीत बसवून देईन, त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं तर. नाही निघाला, तर धाराशिवला जिल्हा न्यायालयाच्या आवारात, विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात, अप्पा त्यांचा अर्ज देतील आणि मी त्यांच्या शेजारी उभी असेन. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी अकरा वाजता.